आठ दिवसांत पैसे भरू नका, ताई

पत्र : "आदरणीय डॉक्टर, आम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. पाच एकर रान आहे, मालकांचं छोटं किराणा दुकान आहे. आम्ही ओबीसीत येतो. मुलीनं नीट दोनदा दिली. दुसऱ्या वेळी चांगले गुण वाढले, पण सरकारी कॉलेज लागेल असं वाटत नाही. लातूरला एका कन्सल्टन्सीच्या ऑफिसात गेलो होतो. ते म्हणतात, रशियात सहा वर्षांचं एमबीबीएस अठ्ठावीस लाखांत होतं, कॉलेज एनएमसी मान्यताप्राप्त आहे, भाषा तिकडे गेल्यावर आपोआप येते. आठ दिवसांत एक लाख भरून सीट ब्लॉक करा, नाहीतर यादी बंद होईल म्हणाले. मालक दोन एकर रान विकायला तयार झालेत. मुलगी म्हणते, मला डॉक्टरच व्हायचंय. माझ्या जिवाला मात्र घोर लागलाय. काय करू?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्राला मुदत आहे, म्हणून तेवढं आधी सांगून टाकते. तो एक लाख भरू नका. परदेशातल्या वैद्यकीय प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो. मुलगी नीटमध्ये पात्र ठरली असेल तर याच निकालावर ती पुढच्या वर्षीही जाऊ शकते आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. रशियातली विद्यापीठं दर सप्टेंबरात नवी मुलं घेतात. त्या ऑफिसची यादी बंद होईल ती होवो. मुलीचा रस्ता त्यानं बंद होत नाही. हे एकदा मनाशी पक्कं झालं की बाकीचं सगळं शांतपणे बघता येईल.

परदेशी जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि रशिया, चीन, जॉर्जिया, किरगिझस्तान इथून शिकून आलेली कितीतरी मुलं माझ्या वॉर्डात इंटर्न म्हणून राबून गेली. त्यातली एक मुलगी मला अजून आठवते. तिच्याजवळ जाडजूड वह्या होत्या. पेशंट रशियनमध्ये जे बोलायचे ते तिनं देवनागरीत उतरवून ठेवलेलं, समोर त्याचा अर्थ, आणि खाली आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकातल्या पानाचा नंबर. रोज संध्याकाळी होस्टेलवर बसून हे लिहायची म्हणे. पहिल्याच आठवड्यात तिनं एका म्हाताऱ्या बाबांच्या पाठीवर बोटं ठोकून, स्टेथो लावून सांगितलं की डाव्या बाजूला पाणी भरलंय. एक्स-रे आला, तेच निघालं. त्याच वर्षी एक मुलगा आला होता, त्याची गुणपत्रिका हिच्यापेक्षा सरस. पण सलाईनची सुई टोचायची वेळ आली तेव्हा तो पेशंटचा हात धरून नुसता उभा राहिला. सहा वर्षांत कुणी त्याला पेशंटला हात लावू दिला नव्हता. दहा-दहाच्या घोळक्यात मागे उभं राहायचं आणि शिक्षक बोलतील ते ऐकायचं, तेही न समजणाऱ्या भाषेत. पोरगा हुशार होता, रात्रपाळ्या मागून घेऊन पुढे सगळं शिकला. पण जे तिसऱ्या-चौथ्या वर्षी शिकायचं ते तो पदवी हातात घेऊन शिकत होता.

म्हणून देशाचं नाव ऐकून हो किंवा नाही म्हणू नका. मुलीला प्रॅक्टिस कुठे करायची आहे, तिथून सुरुवात करा. पत्रावरून मला वाटतं, तिला इथेच, आपल्या भागात डॉक्टर व्हायचंय. मग शेवटी तिला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागणार. नुसत्या पदवीवर ती मिळत नाही. त्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, म्हणजे एनएमसीच्या, अटी पूर्ण झालेल्या असाव्या लागतात. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर जाणाऱ्या सगळ्यांना त्या लागू आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर तिथेच, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सगळं शिक्षण एकाच संस्थेत आणि भारताबाहेर झालेलं हवं. आणि त्या पदवीवर, तिथल्या नागरिकाला मिळतो तसा, त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. हे सगळं प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत. मग इथली परीक्षा, मग इथे पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

कागदावर या अटी साध्या दिसतात, पण पोरांचं आयुष्य अडतं ते यांच्यावरच. फिलिपिन्सचं बघा. तिथे आधी बीएस, म्हणजे विज्ञानाची पदवी, आणि मग चार वर्षांचं एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी, अशी रचना होती. चार वर्षं म्हणजे ४८ महिने, आणि आधीचा बीएस एनएमसी मोजत नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठाला फी जवळजवळ नसते, पण शिकवतात जर्मनमधून. ज्याला तिथेच स्थायिक व्हायचंय त्यानं जरूर जावं, परत येणाऱ्याचं मात्र माध्यमाच्या अटीपाशी अडतं. युक्रेनमध्ये २०२२ साली युद्ध पेटलं, हजारो मुलं 'ऑपरेशन गंगा'तून परत आली, आणि 'एकाच संस्थेत' या अटीमुळे त्यांना दुसरीकडे प्रवेश घेता येईना. शेवटी त्यांच्यापुरती खास सवलत काढावी लागली. हे इतकं सविस्तर सांगते, कारण एजंट लोक सहज म्हणून जातात, "नाही आवडलं तर दुसऱ्या वर्षी ट्रान्सफर करून देऊ." तुम्हालाही म्हणतील. ती ट्रान्सफर म्हणजे मुलीच्या इथल्या नोंदणीवर पाणी.

आता 'एनएमसी मान्यताप्राप्त' या पाटीबद्दल. परदेशातल्या कॉलेजांची अशी मान्य यादी एनएमसी काढतच नाही. कोणत्याही परदेशी कॉलेजची शिफारस आपण करत नाही, असं आयोगानं स्वतः सांगितलेलं आहे. काही ऑफिसांत 'वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स'मधली नोंद छापून दाखवतात. ती नोंद असायला हवी हे खरं, पण ती टेलिफोन डिरेक्टरीतल्या नावासारखी आहे. नाव आहे म्हणजे संस्था अस्तित्वात आहे, एवढंच त्यातून कळतं. माध्यम, महिने, परवाना यांच्या अटी तो अभ्यासक्रम पुऱ्या करतो की नाही, हे तपासायची जबाबदारी नियमांनी विद्यार्थ्यावर टाकलेली आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. बारावी पास पोरीनं आणि किराणा दुकान चालवणाऱ्या बापानं रशियाचा परवाना कायदा कसा तपासायचा? पण आज स्थिती ही आहे, आणि तुम्हाला ती माहीत असलीच पाहिजे.

रशियाविषयी खास सांगायचं ते भाषेचं. तिथल्या काही विद्यापीठांत सगळी सहा वर्षं इंग्रजीत शिकवतात, काही ठिकाणी पहिली तीन वर्षं इंग्रजी आणि पुढे रशियन. दुसऱ्या प्रकाराला 'बायलिंग्वल' म्हणतात, आणि तो आपल्याकडच्या अटीत बसत नाही. त्यामुळे प्रवेशपत्रावर आणि करारावर माध्यम काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचायचं. पण समजा सगळं इंग्रजीत आहे, तरी पेशंट रशियनच बोलणार. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, खोकल्यातून रक्त पडतं का, रात्री घाम येतो का, हे विचारता आलं नाही तर वॉर्डात उभं राहून काय शिकणार? भाषा आपोआप येत नाही, ताई. जी मुलं पहिल्या वर्षापासून रशियनचा अभ्यास शरीररचनाशास्त्राइतक्याच जिद्दीनं करतात, त्यांना येते. शिवाय तिथे प्रॅक्टिसचा परवाना हवा तर रशियन पदवीधरांना जी परीक्षा द्यावी लागते, ती रशियनमध्येच असते. 'तिथला परवाना मिळण्याची पात्रता' ही अट आठवते ना? दोन्ही गोष्टी जोडून बघा.

तिथे पैसे पाठवणंही पूर्वीसारखं सोपं नाही. व्हिसा आणि मास्टरकार्डनं मार्च २०२२ मध्ये रशियातलं काम थांबवलं, तेव्हापासून आपल्या बँकेचं कार्ड तिथल्या दुकानात चालत नाही. मुलीच्या हातात महिन्याचा खर्च कोणत्या मार्गानं पोचेल, हे आधी विचारून ठेवा.

परत आल्यावरची परीक्षा म्हणजे एफएमजीई. तिच्या जागी 'नेक्स्ट' नावाची नवी परीक्षा येणार असं काही वर्षं चाललंय, पण अजून ती आलेली नाही. एफएमजीई वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण. निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं. जून २०२३ मध्ये बसलेल्यांपैकी जेमतेम १० टक्के पास झाले. जून २०२५ मध्ये १९ टक्क्यांच्याही आत. मधल्या एखाद्या वेळी निकाल पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत गेलाय, पण बहुतेकांना पहिल्या फेरीत यश येत नाही, हे धरूनच चालावं लागतं.

या निकालामागचं एक कारण फारसं बोललं जात नाही. ३०० पैकी सुमारे ३० प्रश्न कम्युनिटी मेडिसिनचे असतात. आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, प्राथमिक आरोग्य केंद्राची रचना, आशाताईंचं काम. रशियात हे कोण शिकवणार? तीच गोष्ट सर्पदंशाची, डेंग्यूची, हिवतापाची. बांगलादेश आणि नेपाळमधून आलेल्या मुलांना हे तुलनेनं सोपं जातं, कारण तिथले आजार आपलेच, पुस्तकंही बरीचशी तीच आणि वॉर्डातली भाषाही लवकर समजते. नेपाळचं एमबीबीएस साडेचार वर्षांचं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे गणित नेमकं ५४ अधिक १२. खर्च मात्र रशियापेक्षा जास्त येतो. आणि शेजारचा देश म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २०२४ च्या जुलैत बांगलादेशात दंगे उसळले तेव्हा आपली मुलं मिळेल त्या वाटेनं घरी आली. त्याच वर्षी मे महिन्यात किरगिझस्तानात बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर जमाव चालून गेला होता. कुठेही पाठवा, अचानक परतीचं तिकीट काढता येईल एवढी रक्कम घरी बाजूला हवीच.

एक आकडेवारी मात्र तुमच्या कामाची आहे. एफएमजीई घेणारी संस्था, एनबीईएमएस, कोणत्या विद्यापीठातून किती मुलं बसली आणि किती पास झाली हेही प्रसिद्ध करत आलेली आहे. 'रशियाचा निकाल' बघू नका. तुम्हाला जे नाव सांगितलंय, त्याच नावापुढचा आकडा बघा. दोनशे बसून वीस पास होणारं विद्यापीठ आणि दोनशे बसून ऐंशी पास होणारं विद्यापीठ, दोन्ही रशियातच असतात.

आता रानाचं. अठ्ठावीस लाख हा आकडा त्यांनी फी आणि होस्टेल धरून सांगितला असणार. त्यात दर सुट्टीचं विमान, व्हिसा, विमा, थंडीचे कपडे, जेवण हे सगळं आहे का ते विचारा. परतल्यावर एफएमजीईचा क्लास आणि तेवढे महिने पुण्यात नाहीतर दिल्लीत राहणं तर कुणीच धरत नाही. फी डॉलरमध्ये असेल तर आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये पंच्याऐंशीच्या वर गेला. तुमचं दोन एकर रान आजच्या भावानं विकलं जाईल आणि शेवटच्या वर्षाची फी तेव्हाच्या डॉलरनं भरावी लागेल.

कर्ज काढायचं म्हटलं तर साडेसात लाखांच्या वर बहुतेक बँका तारण मागतात, आणि शेतजमीन सहसा तारण म्हणून घेत नाहीत. म्हणूनच तुमच्यासारख्या घरांत विषय थेट विक्रीवर येतो. कर्ज मिळालं तरी हप्त्यांची सुरुवात साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं होते. मुलीचं गणित मांडा. सहा वर्षं तिथे. एफएमजीईला सहा महिने, कदाचित वर्ष, कदाचित दीड. मग इथली एक वर्षाची इंटर्नशिप. तिच्या हातात स्वतःची पहिली कमाई यायच्या आधीच हप्ता दारात उभा असेल. परदेशातून आलेल्या इंटर्नकडून कॉलेजांनी फी घेऊ नये, त्यांनाही विद्यावेतन द्यावं, असं एनएमसीनं २०२२ मध्ये कळवलंय, पण सगळीकडे ते वेळेवर मिळतंच असं नाही. घरखर्चात ते धरू नका.

मालकांना माझा निरोप सांगा. सोयाबीनचं बियाणं घेताना पिशवीवरचा लॉट नंबर आणि पक्की पावती पाहिल्याशिवाय ते पैसे मोजत नसतील. इथेही तसंच वागायचं. आणि रान विकायचा विषय या वर्षी काढायचाच नाही.

त्या ऑफिसात तुम्हाला कुणी सांगितलं नसेल अशी एक गोष्ट सांगते. महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. वैद्यकीय शिक्षणही त्यात आहे. खासगी कॉलेजातली जागासुद्धा, ती सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळाली असेल तर. संस्थात्मक कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. मेस, होस्टेल आणि इतर खर्च राहतातच. पण 'सरकारी लागत नाही, म्हणजे रशिया' असं जे समीकरण तुमच्या मनात बसवलं गेलंय, त्याच्या मध्ये ही आख्खी पायरी आहे आणि ती तुमच्या लेकीसाठी आहे. त्यासाठी कागद लागतील: तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र. जात पडताळणी समितीकडे प्रकरण पडून राहतं, तेव्हा वैधता हातात नसेल तर उद्याच त्यामागे लागा. फेरीच्या वेळी धावपळ करून ते मिळत नाही.

यंदाच्या सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत थांबा, अगदी शेवटच्या रिक्त जागांच्या फेरीपर्यंत. आणि गुणांवरून अंदाज बांधू नका. २०२४ ला पेपर सोपा गेला, कितीतरी मुलांना ७२० पैकी ७२० पडले. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याचे ६८६ होते. तेच गुण दोन वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवतात. राज्याच्या यादीतला मुलीचा क्रमांक आणि तुमच्या प्रवर्गाची गेल्या वर्षीची शेवटची जागा, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

तिसऱ्यांदा नीट द्यायची का? गुण पहिल्यापेक्षा बरेच वाढले असतील आणि मुलगी स्वतःहून म्हणत असेल, तर माझं मत द्यावी असंच आहे. पण आता देणार असलात तर ती शेवटची, हे आधीच बोलून ठेवा, आणि नाही जमलं तर काय, तेही आत्ताच बोला. लातूरच्या एका खोलीत तीन-तीन वर्षं फक्त या एका परीक्षेसाठी जगणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांच्या जिवावर केवढं ओझं असतं! बीएएमएस, फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग यांची नावं घरात हार मानल्यासारखी घेऊ नका. माझ्या वॉर्डातले कितीतरी पेशंट वाचले ते रात्री तीन वाजता ड्युटीवरच्या सिस्टरनं नाडी बघितली म्हणून.

आता पुढचं थोडं मुलीला वाचून दाखवा.

बाळा, तू परदेशी जायचं ठरवलंस तर पहिलं काम तुझं तू कर. एजंटचा फोन बाजूला ठेव आणि विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवर, आंतरराष्ट्रीय विभागाला, स्वतः पत्र लिही. आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला स्वतः पत्र लिहून प्रवेश मागितला, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. तुझ्याजवळ तर इंटरनेट आहे. इंग्रजी साधं असू दे, पण प्रश्न नेमके विचार: मी ज्या जनरल मेडिसिन अभ्यासक्रमाला अर्ज करणार आहे, तो एकूण किती महिन्यांचा? सहाही वर्षं वर्गात आणि रुग्णालयात शिकवण्याचं माध्यम कोणतं? बारा महिन्यांची इंटर्नशिप अभ्यासक्रमाच्या आत धरलेली आहे की नंतर वेगळी, आणि तिचं स्वतंत्र प्रमाणपत्र मिळतं का? या पदवीवर परदेशी विद्यार्थ्याला तुमच्या देशात प्रॅक्टिसच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो का? गेल्या तीन वर्षांत किती भारतीय विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले? फी कोणत्या चलनात, कोणाच्या खात्यात भरायची? एवढंच. विद्यापीठाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह उत्तर माग. जे विद्यापीठ या प्रश्नांना लेखी उत्तर देत नाही आणि 'आमच्या भारतातल्या प्रतिनिधीशी बोला' म्हणून सोडून देतं, ते तुझ्या यादीतून काढून टाक.

मग तिथे शिकणाऱ्या दोघी-तिघींशी बोल, पण एजंटनं नंबर दिलेल्यांशी नको. एक दुसऱ्या वर्षाची, एक पाचव्या वर्षाची शोध. दुसऱ्या वर्षाचीला व्हिडिओ कॉलवर होस्टेलचं स्वयंपाकघर दाखवायला सांग, थंडीत खोली किती तापते ते विचार. पाचव्या वर्षाचीला एकच प्रश्न विचार: गेल्या आठवड्यात तू स्वतः कोणता पेशंट तपासलास, आणि त्याच्याशी कोणत्या भाषेत बोललीस? ती अडखळली तर तुला उत्तर मिळालं. तिनं उत्साहानं सगळी हकीकत सांगितली तर त्या कॉलेजचा विचार नक्की कर.

आणि जायचं ठरलंच, तर रशियन आत्तापासून शिकायला लाग. इथली कम्युनिटी मेडिसिनची आणि औषधशास्त्राची पुस्तकं बरोबर ने. एफएमजीईचा अभ्यास सहाव्या वर्षी सुरू करायचा नसतो. प्रत्येक विषय तिथे शिकवला की त्याच महिन्यात आपल्या पुस्तकातून पुन्हा वाचायचा. मी ज्या मुलीबद्दल वर लिहिलं, ती पहिल्या फेरीत पास झाली ती अशीच.

ताई, कागदांचं थोडं उरलंय. मुलीचा पासपोर्ट काढला नसेल तर काढून घ्या, पण आधी तिची बारावीची गुणपत्रिका समोर ठेवा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. कुठे वडिलांचं नाव गळतं, कुठे स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त पडतं, जन्मदाखल्यावर तिसरंच असतं. नीटचं स्कोअरकार्ड, दहावी-बारावी, जन्मदाखला आणि पासपोर्ट या सगळ्यांवर नाव अक्षरशः एकसारखं हवं. नसेल तर दुरुस्ती आत्ता करून घ्या, कारण सहा वर्षांनी एफएमजीईच्या अर्जाच्या वेळी याच एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. पुढे कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरे असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागेल. ते काम एजंटकडून करून घेतलं तरी चालेल, पण कागद देताना काय काय दिलं त्याची सही केलेली पोच घ्या आणि काम झालं की मूळ कागद लगेच परत मागा. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवून पैसे मागितल्याच्या तक्रारी माझ्याकडे पत्रांतून आल्या आहेत.

त्या ऑफिसातून पुन्हा फोन येईल. सरळ सांगा की आम्ही विद्यापीठाला स्वतः लिहिलंय, त्यांचं उत्तर येईपर्यंत काही भरणार नाही. ते चिडले, ओरडले, सीट गेली म्हणाले, तरी शब्द बदलू नका. विद्यापीठाचं उत्तर आलं की त्याची प्रत आणि मुलीचा राज्य यादीतला क्रमांक मला या पत्त्यावर पाठवा. दोन्ही वाचून मी तुम्हाला सविस्तर कळवीन.